कारचा हँड्सफ्री माइक बंद पडलाय? स्टिरिओ बदलण्याआधी हे तपासा

मागच्या वर्षी मी गाडीत डॅशकॅम बसवून घेतला आणि दोनच दिवसांत आईची तक्रार सुरू झाली, "अरे, मध्येच तुझा आवाज जातो." मला तिचं सगळं स्पष्ट ऐकू यायचं. गाडी खड्ड्यात आदळली की तिकडे शांतता. दुकानदार म्हणाला, स्टिरिओच बदला. म्हणजे हजारो रुपये!

आधी फोनला क्लीन चिट द्या. कॉल चालू असतानाच ऑडिओ ब्लूटूथवरून फोनवर घ्या. आता समोरच्याला नीट ऐकू आलं तर नेटवर्क ठीक आहे. मग दुसरा फोन गाडीला जोडून बघा. त्यावरही तेच झालं तर संशय गाडीवर. (अँड्रॉइड ऑटो केबलने जोडलं असलं तरी कॉल ब्लूटूथवरूनच जातो, त्यामुळे केबल बदलून काही होत नाही.)

आता मल्टिमीटर. बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रेट माइक असतो. त्याच्या आत एक छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला चालायला थोडं व्होल्टेज लागतं. ते स्टिरिओ एका रेझिस्टरमधून पाठवतो आणि आवाजाचा सिग्नल त्याच तारेवरून परत येतो. मला ही आयडिया फार आवडते, कारण त्यामुळे नुसत्या डीसी व्होल्टेजवरून दोष पकडता येतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, गाडी उभी करून कॉल लावा (काही स्टिरिओ कॉलच्या वेळीच व्होल्टेज देतात) आणि माइकच्या कनेक्टरवर मोजा. माइक काढलेला असताना काही व्होल्ट दिसायला हवेत. माइक लावल्यावर ते कमी व्हायला हवेत, पण शून्य नाही. अजिबात कमी झाले नाहीत तर माइक मेलाय किंवा पिन सैल आहे. लावल्यावरच शून्य झाले तर माइक आतून शॉर्ट.

माझ्याकडे माइक काढूनही शून्यच! म्हणजे तार किंवा स्टिरिओ. स्टिरिओच्या मागची माइकची तार काढली आणि त्याच्या पिनवर मोजलं, तर व्होल्टेज हजर. स्टिरिओ निर्दोष. मग स्टिरिओ बंद करून, दोन्ही टोकं सुटी ठेवून कंटिन्युइटी बघितली. सिग्नलची तार आणि शील्ड यांच्यात बीप वाजला. वाजायलाच नको होता. सन व्हायझरच्या स्क्रूखाली तार चेपली होती, डॅशकॅमची वायर ओढताना. तेवढा भाग कापून जोडला, टेप लावली, काम झालं. खर्च म्हणजे टेपचा.

अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर ती बहुतेक अल्टरनेटरची असते. शील्ड दोन्ही टोकांना बॉडीला टेकलंय का बघा, ते फक्त स्टिरिओच्या बाजूला अर्थ हवं.

काही नव्या गाड्यांत डिजिटल माइक असतो, तिथे ही पद्धत चालत नाही. आणि हो, काचेच्या बाजूच्या खांबात कर्टन एअरबॅग असू शकते. पिवळा कनेक्टर दिसला तर हात लावू नका, मीटरही नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचं.