चिकटणं आणि मुरणं

कृषी सेवा केंद्रात तणनाशकाची बाटली घेतली, की दुकानदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘सोबत स्टिकर देऊ का?’ शहरात स्टिकर म्हणजे गाडीच्या काचेवर लावायचं चित्र. शिवारात तो फवारणीच्या पंपात ओतायचा द्रव. गंमत अशी, की या नावाने खपणाऱ्या बऱ्याच द्रवांचं मुख्य काम चिकटवणं हे नसतंच.

हे नाव शोभतं ते बुरशीनाशकाच्या फवारणीत. सुपारीच्या बागांत पावसाळ्यात ‘कोळेरोग’ येतो. त्यातलं ‘कोळे’ कानडी, अर्थ कुजणं. त्यावर बोर्डो मिश्रण मारतात, आणि ते धो धो पावसात धुऊन जाऊ नये म्हणून त्यात राळ आणि धुण्याचा सोडा यांचं द्रावण घालण्याची रीत आहे. मिश्रणातलं तांबं घोसावर, बाहेरच टिकायला हवं असतं. तिथे ‘स्टिकर’ हा शब्द अक्षरशः खरा.

तणनाशकाची गोष्ट वेगळी. ग्लायफोसेट पानावर नुसतं चिकटून बसलं तर लव्हाळ्याचं काही बिघडत नाही. ते पानात मुरून जमिनीतल्या गाठीपर्यंत उतरायला हवं. वाटेत आडवा येतो पानावरचा मेणाचा थर. पाण्याचा पृष्ठताण 25 अंश सेल्सिअसला सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर. एवढ्या ताणाचा थेंब मेणावर गोल राहतो आणि घरंगळतो. नेहमीचे ‘स्टिकर’ हा ताण तिशीच्या घरात आणतात, सिलिकॉनयुक्त असतील तर विशीच्या आसपास. मग थेंब फतकल मारतो, पानाचा जास्त भाग ओला होतो आणि औषधाला मेणातून वाट मिळते.

हे घडवणाऱ्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेला-मेणाकडे. संस्कृतात तेलालाही ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेलाही. या दुतोंडी रेणूला दोन्ही अर्थ लागू पडतात. इंग्रजीने त्याच्यासाठी सरफेस, ॲक्टिव्ह आणि एजंट या तीन शब्दांचे तुकडे जोडून 1950 च्या सुमारास ‘सरफॅक्टंट’ घडवला. आपल्या परिभाषेत तो ‘पृष्ठक्रियाकारक’ झाला. शब्द नेमका आहे, पण दुकानात तो मागणारा गिऱ्हाईक अजून जन्माला यायचा आहे.

नावाची ही ढिलाई कधी पिकाला भोवते. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर मारताना असा द्रव मिसळण्याची शिफारसच असते. सोयाबीन ते औषध आत घेऊनही त्याचं विघटन करतं. तणाला ते जमत नाही. कांद्याचं तसं नाही. ऑक्सिफ्लोरफेनसारख्या तणनाशकापासून त्याला वाचवण्यात पातीवरच्या मेणाचा मोठा वाटा असतो. पात उभी आणि मेणचट, म्हणून थेंब ओघळून जातात. ‘चिकटलं तर बरंच’ म्हणून कोणी त्यात स्टिकर ओतलं, तर तणासाठी उघडलेली वाट कांद्यालाही उघडते आणि पात भाजते.

इथे ‘निंदणी’ आठवते. निंदणे या क्रियापदाचा निंदेशी काही संबंध नाही. त्याचं नातं ‘निर्’ आणि कापणे या अर्थाचा ‘दा’ धातू यांच्याशी जोडतात. ‘निर्दाता’ म्हणजे निंदणी करणारा. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला त्याचीच उपमा दिली आहे, कारण तो तण उपटतो आणि धान्य राखतो. म्हणजे राखणं हाही निंदणीच्या कामाचाच भाग. खुरपं हातात असलेली बाई ही निवड डोळ्याने करते. फवारणीत ती निवड पानावरचं मेण आणि पानाच्या आतलं रसायन करतं, आणि ‘स्टिकर’ यातल्या पहिल्या पहारेकऱ्यालाच बाजूला सारतं. तेव्हा दुकानदाराला ‘द्या’ म्हणण्याआधी एवढं विचारावं: माझं पीक वाचतं ते मेणामुळे, की आतल्या ताकदीमुळे?