काचबिंदूचे थेंब : कालाबारच्या विषबीजापासून नित्याच्या औषधापर्यंत

काचबिंदू हा दृष्टिचेतेचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर उमटलेली प्रतिमा मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या नसेचा विकार आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या सूक्ष्म जाळीतून त्याचा निचरा होत असतो. हा निचरा अडला की डोळ्यातील दाब वाढतो आणि त्या दाबाखाली नसेचे तंतू एकेक करून मरत जातात. पाऱ्याच्या मापाने साधारण १० ते २१ मिलिमीटर हा दाब सर्वसामान्य मानला जातो, तथापि काही रुग्णांत याहून कमी दाबातही नस झिजते. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढून टाकले की दृष्टी परत मिळते. काचबिंदूत गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि म्हणून उरलेली दृष्टी राखणे एवढेच उपचाराचे उद्दिष्ट असते. हे काम आज मुख्यतः थेंबांच्या औषधांवर सोपवलेले आहे. या औषधांच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : थेंब जसजसे प्रभावी होत गेले, तसतसा ते घालण्याच्या रीतीचा प्रश्न अधिकाधिक महत्त्वाचा होत गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या विकाराचे नेमके स्वरूपच वैद्यांना उमगलेले नव्हते. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक, म्हणजे जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतील पडदा पाहण्याचे उपकरण, प्रसिद्ध केले आणि त्यानंतर काही वर्षांतच काचबिंदूच्या रुग्णांत दृष्टिचेतेच्या मुखाशी खोलगट खड्डा पडतो, हे निश्चित झाले. बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये परितारिकेचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा, छोटा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली. अचानक डोळा लाल होऊन असह्य वेदना सुरू होणाऱ्या तीव्र काचबिंदूत तिने अनेकांचे डोळे वाचवले. परंतु वेदना न होता वर्षानुवर्षे हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात तिचा उपयोग मर्यादितच ठरला. शस्त्राखेरीज दुसरा उपाय हाती नव्हता. उलट, बाहुली मोठी करणारे अ‍ॅट्रोपीन घातल्यामुळे काही डोळ्यांत तीव्र काचबिंदूचा झटका येतो, हेही अनुभवाला येऊ लागले होते. बाहुली मोठी झाल्याने जर अपाय होत असेल, तर ती लहान करणाऱ्या औषधाने उपाय होईल का, हा विचार त्यातूनच पुढे आला. पण तसे औषध युरोपाच्या औषधालयांत नव्हते.

ते आले पश्चिम आफ्रिकेतून. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागातील कालाबार परिसरात राहणाऱ्या एफिक लोकांत एका वेलीच्या शेंगेतील तपकिरी बिया दिव्यासाठी, म्हणजे आरोपीला विष पाजून त्याचा दोष ठरवण्यासाठी, वापरल्या जात. या बियांना तेथे एसेरे म्हणत. चेटूक केल्याचा किंवा अन्य गुन्ह्याचा आरोप असलेल्याला बिया कुटून पाण्यात कालवलेले दुधट द्रावण पाजले जाई. ते ओकून जो वाचला तो निर्दोष आणि जो मेला तो दोषी, असा निवाडा होई. विल्यम डॅनियल या इंग्रज वैद्याने १८४६ मध्ये या प्रथेची माहिती दिली आणि त्या भागात गेलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांमार्फत बिया एडिंबरोला पोहोचल्या. तेथील विषशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये त्यांचा प्रयोग स्वतःवरच केला. आदल्या रात्री अगदी थोडा अंश घेऊन विशेष त्रास झाला नाही, म्हणून सकाळी त्यांनी बीचा अधिक मोठा तुकडा चावून खाल्ला; थोड्याच वेळात चक्कर येऊन अंगातले त्राण गेले, नाडी मंद व अनियमित झाली, आणि उलटी होऊन विष बाहेर पडावे म्हणून त्यांनी दाढीसाठी वापरलेले साबणाचे पाणी पिऊन टाकले. ते बचावले.

बी आणि डोळा यांचा संबंध मात्र त्यांच्या पुढच्या पिढीने जोडला. थॉमस फ्रेझर यांनी १८६२ मध्ये एडिंबरो विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात या बीचा अर्क डोळ्याला लावल्यास बाहुली आकुंचन पावते, असे नोंदवले. त्यांचे सहकारी नेत्रवैद्य डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी तो अर्क स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, दूरचे अंधुक दिसू लागते आणि अ‍ॅट्रोपीनचा परिणाम याने उलटवता येतो, हे निष्कर्ष १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या एकदोन वर्षांत बीमधील मूळ क्रियाशील द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याला फायसोस्टिग्मिन आणि एसेरिन अशी दोन नावे मिळाली. नेमक्या तोललेल्या मात्रेत देता येणारे द्रव्य हाती आल्यामुळेच या विषाचे औषध होणे शक्य झाले, कारण कच्च्या अर्काचा जोर दर खेपेस वेगळा असे.

स्ट्रासबुर्गचे लुडविग लाकेर यांनी १८७६ मध्ये फायसोस्टिग्मिनचे थेंब काचबिंदूत दिल्यास डोळ्यातील दाब उतरतो, असे जाहीर केले. हा विकार त्यांना स्वतःलाही होता, ही गोष्ट त्यांच्या शोधामागील निकड स्पष्ट करते. त्याच सुमारास ब्राझीलमधील जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतून १८७५ मध्ये पायलोकार्पिन वेगळे झाले होते, आणि डार्मश्टाटचे आडोल्फ वेबर यांनी ते डोळ्यासाठी वापरात आणले. बाहुली आकसते तेव्हा डोळ्यातील एक बारीक स्नायूही आवळला जातो आणि त्याच्या ताणाने निचऱ्याची जाळी मोकळी होते, हे या दोन्ही औषधांच्या कार्याचे आज मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. फायसोस्टिग्मिन डोळ्याला अधिक झोंबे, त्यामुळे पायलोकार्पिन पुढे गेले आणि जवळजवळ शंभर वर्षे तेच काचबिंदूचे मुख्य औषध राहिले.

या शंभर वर्षांत रुग्णाला मोजावी लागणारी किंमत लहान नव्हती. पायलोकार्पिनचा परिणाम काही तासच टिकत असल्याने ते दिवसातून चार वेळा घालावे लागे. बाहुली लहान राहिल्याने संध्याकाळी अंधारून येई, कपाळ दुखे, आणि तरुणांची दूरची नजर थेंबागणिक पुसट होई. मोतीबिंदूही असलेल्या वृद्धांना तर औषधानेच अधिक कमी दिसू लागे. पुढे रोज चार वेळा थेंब घालण्याची दगदग टळावी म्हणून पापणीखाली ठेवायची आणि आठवडाभर औषध पाझरवणारी चकती १९७० च्या दशकात अमेरिकेत विक्रीस आली, पण ती रुळली नाही.

खरा पालट टिमोलॉल या औषधाने झाला. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून हृदयाची गती आवरणारी बीटारोधक औषधे १९६० च्या दशकात प्रचारात आली होती आणि त्यांच्यामुळे डोळ्यातील दाबही उतरतो, असे दिसून आले होते. टिमोलॉल निचरा वाढवत नाही, तर द्रवाची निर्मितीच कमी करते; बाहुली लहान होत नाही, नजर धूसर होत नाही आणि दिवसातून दोनदा थेंब पुरतात. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली आणि पाहता पाहता पायलोकार्पिन मागे पडले. मात्र डोळ्याला सौम्य वाटणारे हे औषध शरीराला सौम्य नव्हते. १९७८ ते १९८५ या काळातील तक्रारींचा जो आढावा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टिमोलॉलच्या थेंबांशी जोडल्या गेलेल्या श्वसनाच्या व हृदयाच्या ४५० गंभीर घटना आणि ३२ मृत्यू नोंदलेले होते.

डोळ्यातला एक थेंब हृदयापर्यंत कसा जातो, हे समजून घेण्याजोगे आहे. पापणीच्या आड मावणाऱ्या द्रवापेक्षा बाटलीतून पडणारा थेंब मोठा असतो. त्यातील बराचसा भाग गालावर ओघळतो किंवा नाकाकडच्या कोपऱ्यातील अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. नाकाचे अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेले असल्यामुळे तेथून औषध सरळ रक्तात शिरते. गिळलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि तेथे तिचा बराच अंश निकामी होतो. नाकातून शिरलेल्या औषधाला हा अडसर नसतो. दमेकऱ्याचा श्वास कोंडणे किंवा हृदयाचे ठोके फार मंदावणे हे त्याचे परिणाम होत. अमेरिकी नेत्रवैद्य थॉम झिमरमन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, थेंब घातल्यावर पाच मिनिटे डोळे मिटून ठेवले किंवा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरला, तर रक्तात जाणारे औषध बरेच घटते आणि डोळ्याच्या वाट्याला अधिक येते. खर्च नाही, उपकरण नाही. इतक्या साध्या कृतीने औषधाचा गुण वाढतो आणि दोष कमी होतो, हे या साऱ्या इतिहासातील अत्यंत मोलाचे ज्ञान आहे.

यानंतर १९९० च्या दशकात डोर्झोलामाइड, ब्रिमोनिडीन आणि लॅटानोप्रोस्ट ही औषधे आली. हंगेरीतून १९५६ च्या उठावानंतर अमेरिकेत आलेले लास्लो बिटो यांच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधनातून लॅटानोप्रोस्टचा पाया घातला गेला. डोळ्यात दाह निर्माण करणारी म्हणून ओळखली जाणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये अल्प मात्रेत दाब उतरवतात, हे त्यांनी दाखवले. स्वीडनमधील औषधकंपनीत त्यावर पुढील काम झाले आणि १९९६ मध्ये रात्री एकदाच घालायचा थेंब उपलब्ध झाला. त्याने पापणीचे केस वाढतात आणि काहींच्या परितारिकेचा रंग कायमचा गडद होतो, पण हृदय व फुप्फुसे यांना त्याचा धोका फार कमी असतो. ब्रिमोनिडीन मात्र तान्ह्या बाळांना गुंगी आणून श्वास मंदावू शकते, म्हणून ते त्यांना देत नाहीत.

दाब उतरवल्याने दृष्टी खरोखर वाचते का, या शंकेचे समाधानही याच पिढीत झाले. दाब वाढलेला पण नस अद्याप शाबूत असलेल्या १६३६ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत काचबिंदू होण्याचे प्रमाण थेंब न घालणाऱ्यांत ९.५ टक्के, तर घालणाऱ्यांत ४.४ टक्के होते. या अभ्यासाचे नेतृत्व करणारे मायकेल कॅस यांनी १९८६ मध्ये आणखी एक बोधप्रद गोष्ट नोंदवली होती. पायलोकार्पिनच्या बाटलीत त्यांनी प्रत्येक वापराची नोंद करणारे यंत्र बसवले होते. सांगितलेल्या थेंबांपैकी ९७ टक्के घातले, असे रुग्ण सांगत. यंत्राच्या नोंदीनुसार ते प्रमाण ७६ टक्के होते. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र थेंब बहुतेक नियमितपणे पडत, त्यामुळे डॉक्टरांना मोजलेला दाब ठीक वाटे आणि नस मधल्या दिवसांत झिजत राही. यात रुग्णाचा दोष काढण्यापेक्षा विकाराचे स्वरूप ध्यानात घ्यावे : ज्याला काहीच दुखत नाही, त्याला औषध चुकल्याची जाणीव होण्यास मार्गच नसतो.

या इतिहासातून निघणारे नियम मोजके आहेत आणि ते पाळणे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. दमा, मंद नाडी, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास ते डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे, आणि इतर डॉक्टरांकडे गेल्यावर चालू थेंबांचे नाव औषधांच्या यादीत घालावे. हात धुवून, मान मागे करून, खालची पापणी ओढून एकच थेंब घालावा. बाटलीचे टोक डोळ्याला वा बोटाला लागू देऊ नये. मग डोळे मिटून नाकाकडचा कोपरा दाबावा आणि दुसरे औषध असल्यास किमान पाच मिनिटांनी घालावे. टोपणाच्या रंगावर विसंबून न राहता दर वेळी नाव वाचावे, उघडलेली बाटली मुदत संपली की टाकून द्यावी आणि शेजाऱ्याचे थेंब कधीही वापरू नयेत. त्रास झाला तरी औषध परस्पर बंद करू नये, तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावे. श्वास कोंडला किंवा घेरी आली तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. एका घातक बीचे औषध झाले ते नेमक्या मात्रेमुळे आणि शिस्तीमुळे, आणि काचबिंदूच्या रुग्णाची दृष्टी आजही त्याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे.