ग्रीक जीवविचारातील स्त्री आणि मावळातील यवन

लोणावळ्यानजीक कार्ल्याच्या डोंगरात, एकवीरा देवीच्या मंदिरालगत असलेल्या चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. 'यवन' ही संज्ञा मूळची ग्रीकांसाठी वापरली जाणारी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास हे चैत्यगृह आकाराला येत होते, तेव्हा ग्रीक जगात स्त्रीदेहाविषयीच्या चिंतनाला पाचशे वर्षांची परंपरा लाभलेली होती. अपत्याच्या निर्मितीत मातेचा वाटा किती, हा त्या परंपरेतील कळीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शरीरशास्त्रापुरते मर्यादित राहिले नाही. स्त्रीचा समाजातील दर्जाही त्याच्या आधारे ठरविला गेला.

बीज एक की दोन?

इ. स. पू. ४५८ मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीत मातृहत्येचा आरोप असलेल्या ओरेस्टिसचा बचाव करताना अपोलो देव असा युक्तिवाद करतो, की माता ही खरी जन्मदात्री नसून पित्याच्या बीजाचे केवळ पोषण करणारी आहे. हे मत सर्वांना मान्य नव्हते. हिपोक्रेटीसच्या नावाने संकलित झालेल्या वैद्यकग्रंथांत स्त्री व पुरुष दोघांनाही बीज असते आणि दोघांतही ते सबल वा दुर्बल असू शकते, असे प्रतिपादन आहे. मात्र याच ग्रंथांत स्त्रीचे मांस लोकरीप्रमाणे सच्छिद्र असून अधिक द्रव शोषते, तसेच गर्भाशय शरीरात जागा सोडून सरकते, अशाही कल्पना आढळतात. प्लेटोने 'टिमियस'मध्ये गर्भाशयाला अपत्याची ओढ असलेल्या प्राण्याचीच उपमा दिली.

ॲरिस्टॉटलची मांडणी

ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४ ते ३२२) प्राण्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात या विषयाची सर्वांत पद्धतशीर मांडणी केली. त्याच्या मते पुरुष रूप व गती देतो, तर स्त्री आर्तवाच्या स्वरूपात केवळ द्रव्य पुरविते. सुतार आणि लाकूड, तसेच दूध आणि ते गोठविणारे विरजण, हे त्याचे दृष्टांत. स्त्रीदेहात उष्णता कमी असल्याने रक्ताचे पूर्ण पचन होऊन बीज तयार होत नाही, म्हणून स्त्री ही जणू अपूर्ण पुरुष होय, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच वेळी प्रजोत्पादनासाठी स्त्री-पुरुष भेद निसर्गाला आवश्यक आहे, हेही त्याने मान्य केले. पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक दात असतात, हे त्याचे चुकीचे विधान प्रसिद्धच आहे.

शवविच्छेदनानंतर

इ. स. पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात मानवी शवविच्छेदन करणाऱ्या हेरोफिलसने बीजकोशांचे वर्णन केले. गर्भाशय पडद्यांनी व बंधांनी जागेवर धरलेले असते, हेही पुढे स्पष्ट झाले. कार्ल्याच्या लेण्यांच्या जवळपास समकालीन असलेला वैद्य सोरेनस याने गर्भाशय प्राण्याप्रमाणे भटकते ही समजूत नाकारली. गेलेनने (जन्म इ. स. १२९) स्त्रीलाही बीज असल्याचे मानले, परंतु स्त्रीची जननेंद्रिये म्हणजे उष्णतेअभावी आतच राहिलेली पुरुषेंद्रिये, हा त्याचा सिद्धांत युरोपात दीर्घकाळ टिकून राहिला.

मावळातील शिलालेखांची साक्ष

कार्ल्याच्या यवन दात्यांना हे ग्रंथ ठाऊक होते, असे मानण्यास आधार नाही. सिहधय यांसारखी त्यांची नावे भारतीय वळणाची असून ते बौद्ध संघाला दान देणारे होते. तथापि, ज्या समाजात ते मिसळले तेथे पुरुषाची ओळख मातेच्या कुलनामाने सांगण्याची रीत होती. कार्ल्याचा सिंहस्तंभ गोतीपुत्र अगिमित्रणक या महारठीचे दान आहे, तर भाजे येथील पाण्याचे टाके कोसिकीपुत्र विण्हुदत्ताचे. बेडसे येथे सामडिनिका या महारठिनीचे, तर कार्ल्यात भिक्षुणींचे दानलेख आहेत. स्त्री स्वतःच्या नावाने दान करू शकत होती, हे त्यांवरून स्पष्ट होते. मातृनामे असली तरी सत्ता पुरुषांकडेच होती, हेही तितकेच खरे.

भारतीय चिंतनातही दोन प्रवाह दिसतात. मनुस्मृतीत स्त्री क्षेत्र व पुरुष बीज मानला आहे. चरक व सुश्रुत मात्र गर्भ शुक्र आणि शोणित या दोहोंपासून होतो, असे सांगतात. केस, नखे, अस्थी पित्याकडून, तर रक्त, मांस, हृदय मातेकडून. शुक्राचे आधिक्य झाल्यास पुत्र व शोणिताचे झाल्यास कन्या, असेही ते मानतात. चरकसंहितेत पुत्रप्राप्तीसाठी पुंसवनविधीही दिलेला आहे.

आधुनिक निर्णय

सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज कार्ल फॉन बेअर याने १८२७ मध्ये शोधले. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने समुद्री अर्चिनमध्ये दोन्ही बीजांच्या केंद्रकांचा संयोग पाहिला आणि माता-पित्यांचा वाटा सिद्ध झाला. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स व एडमंड विल्सन यांनी लिंगनिश्चितीचा गुणसूत्रांशी असलेला संबंध दाखविला. मनुष्यात अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्राणूतील गुणसूत्रावर ठरते. असे असूनही मुलगी झाल्याचा दोष मातेला देण्याची प्रवृत्ती नष्ट झाली नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राला १९८८ मध्ये, तर केंद्राला १९९४ मध्ये कायदा करावा लागला.