फलकावरचे नाव

आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ हे गाव मंचर आणि नारायणगाव यांच्या मधल्या टापूत येते. गावाची ओळख आहे ती बाबू गेनू यांच्यामुळे. १९०८ साली इथल्या गरीब शेतकरी घरात जन्मलेले बाबू गेनू मुंबईत गिरणीत राबले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापड नेणाऱ्या ट्रकपुढे आडवे होऊन हुतात्मा झाले. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. पोटासाठी मुंबई गाठण्याची त्यांची वाट जुन्नर-आंबेगावच्या असंख्य घरांची वाट होती. गिरणगावात राहायचे आणि यात्रेला न चुकता गावी यायचे, हा त्या घरांचा शिरस्ता. यात्रेतल्या तमाशाला गर्दी करणारा प्रेक्षक तो हाच. तमाशाच्या इतिहासात कलावंतांची नावे येतात, हा प्रेक्षक मात्र बहुधा गाळला जातो. वास्तविक नारायणगावच्या तमाशा-फडांचा आवाज त्याच्याच पुढे घडला.

ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला असतो. आधी गण, मग गौळण, त्यानंतर बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. गण-गौळणीला परंपरेची चौकट असल्याने तिथे फारसा फेरफार करता येत नाही. मोकळे रान मिळते ते बतावणीत आणि वगात. पूर्वी वगाचे कथानक आणि पदे तेवढी पक्की असत. संवाद नट उभ्या उभ्या रचत. गावातला ताजा तंटा, सावकाराचा हिशोब, पाटलाची मिजास हे सगळे सोंगाड्या संध्याकाळी ऐकायचा आणि रात्री बोलून दाखवायचा. फडातले पोर आधी झीलकऱ्यांमागे उभे राहून सूर ओढायला शिकते, मग त्याच्या हाती तुणतुणे किंवा मंजिरी येते. कित्येक वर्षे ते मोठ्यांची नक्कल करते. आपले असे काही त्याला गवसते ते बहुधा चुकून: एखादा शब्द निसटतो, लोक हसतात आणि पुढच्या गावी तोच शब्द मुद्दाम ठेवला जातो. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी यात्रेत फडाची ‘हजेरी’ असते. उजेडात प्रेक्षकांचे चेहरे दिसतात, त्यामुळे कालचे काय मुरले आणि काय वाया गेले ते तिथेच उमगते.

हा आवाज कोणाचा, हे सांगायची रीत काळागणिक बदलली. जुने शाहीर लावणीच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण घरातले गृहस्थ तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले; लोकांनी त्यांचे कुलनाम विसरून हेच नाव धरले. पुढे फड फिरते झाले आणि आडनावाच्या जागी गाव आले. सावळजकर, सातारकर, धवळपुरीकर ही नावे अशीच रूढ झाली. नारायण खुडे यांच्या घराण्यातले भाऊ आणि बापू यांनी मात्र एक पाऊल पुढे टाकले. त्यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ म्हणून गाजला. ज्या जातीला गावकुसाबाहेर ठेवले, तिचे नाव गावाच्या नावाला जोडून फलकावर घालणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या कलेबद्दल पुष्कळ लिहिले जाते. या नावाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

भाऊंची मुलगी विठाबाई १९३५ साली पंढरपूरला जन्मली. तिचे शिक्षण झाले ते घरच्या फडातच. गळा, अदाकारी आणि बतावणीतली हजरजबाबी धार या तिन्हींवर तिची हुकमत होती. दिवस भरलेले असताना ती फडावर उभी राहिली, मध्येच आत जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आली, हा प्रसंग महाराष्ट्रात घरोघर सांगितला जातो. तो सांगताना लोक तिच्या जिद्दीला दाद देतात. खेळ थांबला तर सुपारी बुडते आणि सगळा फड उपाशी राहतो, हे त्यामागचे गणित मात्र अनुच्चारितच राहते. १९९० साली तिला राष्ट्रीय सन्मान मिळाला. अखेरचे दिवस हलाखीत काढून १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली. मुलगी मंगला बनसोडे हिने स्वतःचा फड उभा करून घराण्याची परंपरा चालवली.

दरम्यान तमाशाच्या तोंडाला लगामही लागला. स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि बंदी उठली ती वगाची संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. उभ्या उभ्या रचली जाणारी भाषा कागदावर आली. त्यामुळे काही वग जपले गेले हे खरे, पण सोंगाड्याच्या ऐनवेळच्या बोलण्यावर गदा आली. नेमक्या त्याच सुमारास अण्णा भाऊ साठे गिरणी कामगारांपुढे तमाशाला लोकनाट्याचे रूप देत होते. गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन करून त्यांनी जुन्या साच्यात नवा माणूस आणला.

आजही गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात महामार्गालगत फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरवून जातात. २००६ सालापासून राज्य सरकार तमाशातील ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्काराला नाव आहे ‘तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर’. फडाच्या फलकावर असलेला ‘मांग’ हा शब्द त्यात नाही.