बेक केलेले भरलेले मशरूम खरंच हेल्दी असतात का? घरी बनवताना पाणी सुटू नये म्हणून काय कराल?

मशरूमची टोपी, आत मसालेदार सारण आणि वर खमंग सोनेरी थर. पार्टी स्टार्टर म्हणून भरलेले बेक्ड मशरूम सध्या अनेक घरांत बनतात. तळलेले नाहीत, म्हणजे ते हेल्दीच, असं गृहीत धरलं जातं. पण ते पौष्टिक आहेत की नाही, हे ओव्हनपेक्षा सारणावर जास्त अवलंबून असतं.

कॅलरी येतात कुठून?

100 ग्रॅम कच्च्या बटण मशरूममध्ये साधारण 22 कॅलरी, 3 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम 0.3 ग्रॅम फॅट असतं. याउलट एक टेबलस्पून बटरमध्येच सुमारे 100 कॅलरी असतात. त्यामुळे क्रीम चीज, बटर आणि भरपूर किसलेलं चीज भरलं, तर मशरूमच्या हलकेपणाचा फायदा उरत नाही. पनीर, पालक, कांदा, लसूण आणि थोडे ओट्स असं सारण चवीलाही चांगलं आणि पोटभरीचंही होतं.

पाणी का सुटतं?

मशरूममध्ये 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. उष्णता आणि मीठ लागलं की ते बाहेर येतं. कच्च्या टोपीत थेट सारण भरलं, तर हे पाणी सारणात मुरतं आणि सगळा पदार्थ लगदा होतो. यावर उपाय सोपा आहे. टोप्या आधी रिकाम्याच बेक करायच्या आणि सारण कोरडं परतून घ्यायचं.

साहित्य (2 ते 3 जणांसाठी)

- मोठे बटण मशरूम: 200 ग्रॅम
- पनीर: 80 ग्रॅम, कुस्करून
- पालक: एक मूठ, बारीक चिरून
- कांदा: 1 लहान
- लसूण: 4 पाकळ्या
- ओट्स: 2 टेबलस्पून, भाजून भरडलेले
- तेल: 2 टीस्पून
- मीठ, मिरपूड, हिरवी मिरची चवीनुसार

या सगळ्याच्या मिळून साधारण 400 कॅलरी होतात. दोघांनी खाल्ले तर प्रत्येकी 200 च्या आसपास.

कृती

1. मशरूम वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन लगेच कापडाने पुसा. पाण्यात भिजत ठेवू नका.
2. देठ हलकेच फिरवून काढा. ते फेकू नका, बारीक चिरून सारणात घाला.
3. ओव्हन किंवा ओटीजी 200 अंश सेल्सिअसला तापवून घ्या. टोप्यांना थोडं तेल लावून पोकळ बाजू खाली ठेवा आणि 10 मिनिटं बेक करा. सुटलेलं पाणी टिपून घ्या.
4. तोवर उरलेल्या तेलात लसूण, कांदा, मिरची आणि देठ मोठ्या आचेवर परता. पालक घालून पाणी आटू द्या. गॅस बंद करून पनीर, ओट्स, मीठ आणि मिरपूड मिसळा.
5. टोप्या उलटून सारण भरा आणि वरचा भाग सोनेरी होईपर्यंत, साधारण 12 ते 15 मिनिटं, बेक करा.

पनीर नको असेल, तर भरल्या वांग्यासारखं दाण्याचं कूट आणि गोडा मसाला घालूनही सारण करता येतं. फक्त दाण्यात फॅट जास्त असल्याने कूट बेतानेच घ्या.

ओव्हन नसेल तर?

एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर आधी रिकाम्या टोप्या 5 मिनिटं आणि सारण भरून 7 ते 8 मिनिटं ठेवा. जाड तव्यावरही हे होतात, पण झाकण ठेवू नका. झाकणामुळे वाफ कोंडते आणि मशरूम पुन्हा ओलसर होतात. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोड वापरा. साध्या मोडवर मशरूम शिजतात, पण खमंग होत नाहीत.

मशरूम निवडताना काय पाहाल?

टोपी घट्ट आणि कोरडी असावी. चिकट झालेले किंवा उग्र वास येणारे मशरूम टाकून द्या. घरी आणल्यावर कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा.

पावसाळ्यात महाराष्ट्र आणि गोव्यात रानात अळंबी उगवते. जाणकारांना तिची ओळख असते, पण अंदाजाने तोडलेली अळंबी जिवावर बेतू शकते. काही विषारी जातींमधलं विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि त्याची लक्षणं दिसायला सहा तासांहून जास्त वेळ लागू शकतो. तोवर विष यकृतापर्यंत पोहोचलेलं असतं. चांदीचा चमचा काळा पडतो का किंवा लसणाचा रंग बदलतो का, या घरगुती चाचण्यांवर विसंबू नका. रानातली अळंबी खाल्ल्यावर उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. या रेसिपीसाठी दुकानात मिळणारे, लागवड केलेले मशरूमच वापरा.