बागेचा जानेवारी, अशोकाचा फाल्गुन

'मालविकाग्निमित्रा'तील अशोकदोहद शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने वहीच्या समासात अशोकाचे झाड रेखाटले. सरळसोट, खांबासारखे, खाली लोंबणाऱ्या पानांचे. इमारतींच्या कुंपणालगत रांगेने उभे असते तेच. ते अशोक नव्हे, आसुपालव. पण वर्गात हे कुणी बोलले नाही. आम्हीही नाही, कारण फुललेला अशोक आम्हीही पाहिला नव्हता. तरुणीच्या पदाघाताने फुलणाऱ्या त्या झाडावर आम्ही अनेक वर्षे प्रश्नपत्रिका काढीत होतो. ते कोणत्या महिन्यात फुलते, हे झाडाकडे पाहून सांगण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

त्या वर्षी वर्ग घेऊन आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. फुलांचे प्रदर्शन भरले होते, म्हणून तेच दिवस निवडले. जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारीच्या आरंभी महापालिका ते भरविते, आणि केवळ फुले पाहायला म्हणून मुंबईकर बागेत लोटतो तो याच दोन-तीन दिवसांत. पेटुनिया, फ्लॉक्स, डेलिया, अ‍ॅस्टर यांचे गालिचे पसरलेले. मुलांनी मनसोक्त छायाचित्रे काढली. थोड्या शोधानंतर सीताअशोकही सापडला. हिरवागार होता, फुलाचा मागमूस नव्हता. बागेचा उत्सव ऐन भरात आणि बागेतल्या झाडांचा ऋतू अद्याप यायचा, ही विसंगती आम्हांला तिथे प्रथम जाणवली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शनही प्रजासत्ताकदिनाच्या आसपासच भरते. मग जानेवारीच का?

उत्तराचा अर्धा भाग हवामानात आहे. पेटुनिया दक्षिण अमेरिकेतील, फ्लॉक्स टेक्ससकडील, डेलिया मेक्सिकोचा, अ‍ॅस्टर चीनचा. युरोपच्या बागांत स्थिरावलेली ही फुले तिथे उन्हाळ्यात फुलतात, आणि तो उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा. म्हणून पाऊस सरल्यावर बी पेरायचे, दसऱ्यानंतर गुलाब छाटायचे आणि जानेवारीत बहर पाहायचा, असे बागकामाचे वर्ष इंग्रजांनी इथे आखून घेतले. उरलेला अर्धा भाग इतिहासात आहे. पश्चिम भारताची शेती व बागायत मंडळी, म्हणजे 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी', मुंबईत १८३० साली स्थापन झाली. तिची बाग शिवडीला होती; ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवे उद्यान उभे राहिले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ते खुले झाले. मुहूर्त कुणी कशासाठी काढला असेल तो असो, पण पाऊस ओसरून इंग्रजी बागेचे वर्ष नुकतेच उघडते ती ही वेळ. १८७३ पासून बाग नगरपालिकेकडे आली. राणीचे नाव जाऊन वीरमाता जिजाबाईंचे आले. फुलांचा जानेवारी मात्र राहिला.

याहून जुनी आणि आम्हांला अधिक ओढ लावणारी गोष्ट दापोडीची. १८२८ साली मुंबई सरकारने आपले वनस्पतिउद्यान पुण्याजवळ दापोडीला वसविले, त्याचे कारणही ऋतूच. गव्हर्नर जॉन माल्कमने पेशव्यांच्या पलटणीवरील अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा तिथला बंगला पावसाळी मुक्कामासाठी घेतला होता. उन्हाळ्याला महाबळेश्वर, पावसाळ्याला दापोडी, थंडीला मुंबई. साहेबाच्या ऋतुचक्राच्या एका आऱ्यावर ही बाग उगवली. १८३८ पासून तिची धुरा अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टराकडे होती. सैन्याच्या दवाखान्यांना लागणारी औषधी तो इथे आणि जुन्नरजवळच्या हिवऱ्याच्या बागेत पिकवीत असे. पुढे १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. जंगल तुटले की झरे आटतात, पावसावर परिणाम होतो, हे तो कंपनी सरकारच्या कानी घालीत राहिला. शोभेचे ताटवे हा त्याचा विषयच नव्हता. त्याचे घड्याळ उपयुक्ततेचे होते.

पण त्याच बागेत १८४७ ते १८५० या काळात एक चित्रकार बसत होता. एकेक रोप समोर ठेवून त्याने दीडशेहून अधिक चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ सिद्ध केला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते. नाव राहिलेले नाही. वनस्पतीचे चित्र काढणाऱ्याला तिच्या वेळेची वाट पाहावी लागते. कळी, फूल, फळ एकाच कागदावर आणायचे तर दोन-दोन महिने त्याच झाडाकडे परत जावे लागते. साहेबाचे पंचांग त्याच्या कामाचे नव्हते, झाडाचेच हवे होते. १८६५ मध्ये दापोडीची बाग बंद झाली, बाडबिस्तरा गणेशखिंडीकडे वळला. बागेचे वर्ष इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाची आठवण फक्त कागदांत उरली, तीही बिननावाची.

माळ्यांचेही तसेच. मृग लागला की गुटी आणि भेटकलमे बांधायची, हे त्यांना कोणत्याही इंग्रजी पुस्तकाने शिकविले नव्हते. रोपवाटिकेत आजही पेटुनियाला 'हंगामी फुलझाड' म्हणतात, आणि रोजंदारीच्या माळ्याला 'हंगामी कामगार'. हंगाम चुकू न देणाऱ्या पळसाला किंवा बहाव्याला मात्र हंगामी कुणी म्हणत नाही. (मराठीच्या अभ्यासकांनी या शब्दाकडे एकदा पाहावे.)

साहित्यात हे पंचांग टिकले होते. 'ऋतुसंहारा'चा आरंभ ग्रीष्माने होतो, शेवट वसंताने. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' (१९५६) चैत्रापासून मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिले. ही पुस्तके आम्ही शैलीसाठी शिकवितो, प्रतिमांसाठी शिकवितो. ती निरीक्षणाची पुस्तके आहेत आणि त्यांतील विधान झाडाखाली उभे राहून पडताळता येते, हे आम्ही सहसा सांगत नाही.

राणीच्या बागेत झाडाच्या पंचांगाला पुन्हा जाग आली ती एका भांडणातून. २००७ साली बागेच्या पुनर्रचनेची योजना पुढे आली आणि नागरिकांनी, त्यांतही काही चिकाटीच्या स्त्रियांनी, तिला विरोध केला. झाडे वाचवायची तर आधी ती कोणती हे सांगता आले पाहिजे. तीन हजारांहून अधिक वृक्ष, २८६ जाती, अशी मोजदाद लोकांपुढे आली. वृक्षपरिचयाच्या फेऱ्या निघू लागल्या. फेरीला प्रदर्शनाची तारीख लागत नाही. या महिन्यात काय फुलले आहे, एवढेच लागते. अर्थात बाग सगळ्यांचीच असते. २०१६ साली तिथे हम्बोल्ट पेंग्विन आले, आणि भर वैशाखात काचेआड राखलेला गारवा पाहायला रांगा लागल्या. आम्हीही त्या रांगेत उभे होतो, हे लपवीत नाही.

फाल्गुनात आम्ही चौघीजणींना घेऊन अशोकाकडे परत गेलो; वर्ग नेता आला नाही, परीक्षा जवळ आल्या होत्या. नवी पालवी तांबूस आणि मलूल लोंबत होती. फुले फांद्यांच्या टोकांना शोधायची सवय असल्यामुळे आधी दिसलीच नाहीत. ती खाली होती, जुन्या लाकडाला चिकटून थेट फुटलेली, केशरी गुच्छांची, काही लालसर होत चाललेली. झाडाला पाय लावला तर हाताशी येतील इतकी खाली. समासात चित्र काढणारी विद्यार्थिनी बराच वेळ बुंध्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "सर, म्हणून पायाने."

तिचे म्हणणे पुराव्याने सिद्ध होणारे नाही; दोहदाची कल्पना याहून बरीच गुंतागुंतीची आहे, हे तिला आम्ही तिथेच सांगितले. तरी पुढच्या वर्षापासून तो प्रवेश फाल्गुनात शिकवावा असे ठरविले. वेळापत्रकात तो सप्टेंबरात बसतो, आणि बहावा फुलतो तेव्हा महाविद्यालयाला सुटी असते.