जुन्या मोटारसायकलचं पासिंग: कागदावरचं ‘फिट’ किती खरं?

जुनी गाडी विकणारा माणूस दोन वाक्यं हमखास बोलतो. ‘पासिंग 2029 पर्यंत आहे’ आणि ‘पीयूसी कालच काढलीय’. दोन्ही खरी असू शकतात. पण त्यावरून गाडी रस्त्यावर किती सुरक्षित आहे हे कळतं का?

आधी पासिंग म्हणजे काय ते बघू. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 41 नुसार खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षं चालते. त्यानंतर नमुना 25 चा अर्ज करून, आरटीओत गाडी दाखवून ती एका वेळी 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. दुचाकीसाठी याचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 1,000 रुपये झालं होतं. पर्यावरण कर वेगळा. ट्रक, रिक्षा, टॅक्सी यांचं तसं नाही. त्यांना पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. म्हणजे खासगी मोटारसायकल पहिली 15 वर्षं सरकारी तपासणीशिवाय फिरते आणि नंतर पाच वर्षांतून एकदा तपासली जाते.

माझा मामेभाऊ पौडला राहतो, हिंजवडीत कामाला आहे. त्याला 2009 ची हिरो होंडा स्प्लेंडर घ्यायची होती आणि गाडी बघायला त्याने मला बोलावलं. (सॉफ्टवेअरवाल्याला मशीनमधलं सगळं कळतं, असा आमच्या घरात समज आहे.) गाडीचं पासिंग 2024 मध्ये झालेलं, म्हणून 2029 पर्यंत वैध. आता हिशोब करा. रोजचे जाऊन-येऊन 40 किलोमीटर धरले, वर्षाचे 300 दिवस धरले, तर वर्षाला 12,000 आणि पाच वर्षांत 60,000 किलोमीटर. दोन तपासण्यांच्या मध्ये टायर, ब्रेक लायनर, चेन-स्प्रॉकेट सगळं बदलायची वेळ येऊन जाते. 2024 मध्ये निरीक्षकाने अगदी मन लावून गाडी बघितली असेल, तरी त्याने बघितलेले लायनर आज गाडीत असतीलच असं नाही.

आमच्या कामात याला जुन्या बिल्डवर चालवलेली टेस्ट म्हणतील. टेस्ट पास झाली हे खरं, पण त्यानंतर कोड बदलला.

दुसरा प्रश्न तपासणीच्या दर्जाचा. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. व्यावसायिक वाहनांची फिटनेस तपासणी नियमाप्रमाणे होत नाही, अशी तक्रार होती. न्यायालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये निर्देश दिले आणि ब्रेक तपासण्यासाठी 250 मीटरचा ट्रॅक आवश्यक ठरला. ज्या गाड्यांची तपासणी दर वर्ष-दोन वर्षांनी होते, त्यांचे ब्रेक धड चालवून बघायलासुद्धा कोर्टात जावं लागलं. मग पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या दुचाकीच्या शेऱ्यावर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

तपासणी विश्वसनीय आहे की नाही हे ठरवायची सोपी कसोटी म्हणजे तीच गाडी लगेच दुसऱ्या निरीक्षकाकडे नेली तर उत्तर तेच येतं का. ब्रिटनमध्ये 1960 पासून एमओटी नावाची तपासणी आहे. मोटारसायकल तीन वर्षांची झाली की ती दरवर्षी करावी लागते. तिथली सरकारी यंत्रणा नुकत्याच तपासलेल्या काही गाड्या पुन्हा तपासून बघते. शिवाय ‘पास, पण मागचा टायर संपत आलाय’ असे शेरे नोंदवले जातात आणि गाडीचा नंबर टाकून कोणालाही ऑनलाइन वाचता येतात. आपल्याकडे एमपरिवहन ॲपवर नोंदणी, विमा, पीयूसी यांच्या तारखा दिसतात. त्या महिन्यात ब्रेक कसे होते, हे कुठेच दिसत नाही.

पीयूसीबद्दल थोडक्यात. सायलेन्सरमध्ये नळी घालून आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. 2000 नंतरच्या अशा फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा 3.5 टक्के आणि 4,500 पीपीएम. बीएस-4 च्या आधीच्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी काढायची. कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवला की आकडा बदलतो, हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे. ब्रेकशी तिचा काडीचा संबंध नाही.

म्हणून हाताने बघायचं. सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला द्या, कारण मुळशीत गाडी चालवायची म्हणजे पिरंगुटचा घाट आला, पावसाळ्यात भिजलेले ड्रम आले आणि रविवारी ताम्हिणीही आलीच. गाडी 110 किलो आणि दोन माणसं 140, असं 250 किलो वजन धरा. 50 च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबताना साधारण 24 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. तेच वजन 100 मीटर उंची उतरताना 245 किलोज्यूल सोडतं. म्हणजे दर 100 मीटर उताराला 50 वरून दहा वेळा थांबण्याएवढी उष्णता. काही भाग इंजिन आणि हवा घेते, म्हणूनच घाटात न्यूट्रल टाकायचं नसतं. बाकी सगळं त्या दोन ड्रममध्ये. सपाट रस्त्यावर, थंड ड्रमवर एकदा दाबून ‘ब्रेक लागतोय’ म्हटलं, तर या परिस्थितीबद्दल काहीच कळलेलं नसतं.

स्प्लेंडरसारख्या ड्रम ब्रेकला चाक न काढता अंदाज येतो. ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि ड्रमच्या झाकणाजवळच्या आर्मवरचा बाण बघा. तो झाकणावरच्या खुणेला टेकला असेल तर लायनर संपले. आमच्या गाडीत मागचा बाण खुणेवरच होता आणि ॲडजस्टरचा नट जवळपास शेवटपर्यंत आवळलेला. घट्ट आवळल्यामुळे पेडल मात्र मस्त लागत होतं! पुढच्या लिव्हरला 10 ते 20 आणि मागच्या पेडलला 20 ते 30 मिलीमीटर मोकळी चाल हवी. मग गाडी 15-20 मिनिटं चालवा, मोकळ्या उतारावर ब्रेक वापरा आणि पुन्हा दाबून बघा. पकड कमी वाटली किंवा कंप आला तर झाकण उघडल्याशिवाय सौदा करू नका.

टायरला नियमाने दुचाकीसाठी किमान 0.8 मिलीमीटर नक्षी लागते. पण नक्षी शाबूत असूनही रबर म्हातारं झालेलं असतं. बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: 2316 म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून फोर्कची खालची टोकं पुढे-मागे हलवा. खडखड जाणवली, किंवा हँडल सावकाश फिरवताना मधोमध अडकलं, तर कोनसेट गेलाय. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओला पट्टा आला तर ऑइल सील. चेन कव्हरवरचं रबरी बूच काढून बोटाने चेन हलवा, 20 ते 30 मिलीमीटर ठीक.

चासी आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा वाचून जुळवा, त्यावर नवा रंग मारलेला असेल तर खरवडून.

आमचा सौदा झाला, पण लायनर, मागचा टायर आणि कोनसेट यांचा खर्च किमतीतून वजा करून. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, ‘2029 पर्यंत बघायलाच नको’. झाकण उघडून लायनर हातात दिल्यावर तो विषय थांबला.

नाव बदलायला नमुना 29 आणि 30 लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही त्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर करून घ्या.